भूगोलाचा पहिला धडा दुकानाच्या पायरीवर

तिसरी-चौथीतील मुलाला महाराष्ट्राची राजधानी विचारली, तर तो क्षणाचाही विलंब न लावता उत्तर देतो. राज्ये आणि त्यांच्या राजधान्या, सर्वांत लांब नदी, सर्वांत उंच शिखर हेही त्याला मुखोद्गत असते. त्याच मुलाला आपल्या दुकानाचे दार कोणत्या दिशेला उघडते, गावाची नदी कोणीकडून येऊन कोणीकडे जाते, सकाळी दुकानात उतरलेली जिऱ्याची पोती कोणत्या गावाहून आली, असे विचारले तर तो बहुधा गप्प बसतो. यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. भूगोल त्याच्यापर्यंत नावांची यादी म्हणून पोहोचला आहे, आणि यादी पाठ करण्याचे आपले काम त्याने चोख बजावले आहे.

व्यापारी घरांच्या दृष्टीने ही उणीव लहान नाही. एके काळी पेढीच्या गादीवर आजोबांच्या शेजारी बसलेले आठ वर्षांचे मूल दिवसभर गावांची नावे ऐकत असे. कोणता माल कोठून येतो, कोणत्या घाटात ट्रक अडकतो, कोठे पाऊस लांबला म्हणून भाव चढला, हे त्याच्या कानांवरून जात असे. त्याला कोणी भूगोल शिकवीत नसे, तरी तो त्याच्या अंगात भिनत असे. आज घर एकीकडे आणि दुकान दुसरीकडे असते. मागणी मोबाइलवर नोंदवली जाते, बोलणी कानाला लावलेल्या यंत्रात होतात आणि त्या वेळी मूल शिकवणीला गेलेले असते. दुकान वारसाहक्काने पुढच्या पिढीकडे जाईल. परंतु ज्या भूमीच्या ज्ञानावर ते दुकान उभे राहिले, ते ज्ञान मात्र कोणी हाती दिल्यावाचून जाणार नाही.

जवळून दूर

लहान मुलांना भूगोल कसा शिकवावा, याविषयी शिक्षणतज्ज्ञांचे मत दोनशे वर्षांपूर्वीच बरेचसे स्थिरावले. स्वित्झर्लंडमधील थोर शिक्षक पेस्टालोझी (१७४६–१८२७) यांच्या शाळेतील मुलांना प्रथम गावाजवळच्या दरीत फिरवून आणले जाई. ती दरी नीट पाहून झाली की मुले तेथील माती बरोबर घेत आणि शाळेत परतल्यावर टेबलावर त्या दरीची प्रतिकृती उभी करीत. पुढच्या फेरीत आणखी थोडा प्रदेश पाहायचा आणि प्रतिकृती तेवढी वाढवायची. हे सर्व झाल्यानंतरच त्यांच्यापुढे नकाशा ठेवला जाई. तोवर नकाशातील प्रत्येक रेषेमागे कोणती टेकडी आणि कोणता ओढा आहे, हे मुलांच्या पायांना ठाऊक झालेले असे.

आपल्याकडेही ही परंपरा अपरिचित नाही. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. वकिलीचा व्यवसाय सोडून शिक्षणाकडे वळलेल्या या गृहस्थांनी गोष्टी, खेळ आणि सहली यांना वर्गात मानाचे स्थान दिले. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे महाराष्ट्रात बोर्डी व कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह बालशिक्षणाचे कार्य उभारले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तेथे कुरणशाळा भरत. मूल जेथे आहे तेथूनच शिक्षणाला आरंभ करावा, हा विचार त्यामागे होता.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांतही हा विचार उतरला आहे. १९६७ साली स्थापन झालेल्या ‘बालभारती’ने इयत्ता तिसरीसाठी परिसर अभ्यासाचे पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचे वेगळे काढले. सांगलीच्या मुलाच्या हाती सांगली जिल्ह्याचे पुस्तक आणि नंदुरबारच्या मुलाच्या हाती नंदुरबारचे. एवढ्या मोठ्या राज्यासाठी हा उपक्रम सोपा नव्हता. परंतु व्यापारी घरांतील पुष्कळ मुले आता केंद्रीय मंडळांशी संलग्न इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात. साऱ्या देशासाठी लिहिलेल्या पुस्तकात प्रत्येक जिल्हा येणे शक्यच नसते. अशा मुलांना नाईल नदी शाळेत भेटते आणि वारणा नदी कोणी दाखविलीच, तर घरचीच माणसे दाखवितात.

डब्यात डबा

मोठ्यांना सहज वाटणाऱ्या काही गोष्टी लहान मुलांना अवघड जातात, हेही ध्यानात ठेवावयास हवे. ख्यातनाम मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी १९५१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात जिनिव्हातील मुलांशी झालेल्या संभाषणांची नोंद आहे. जिनिव्हा शहर स्वित्झर्लंड देशातच आहे, हे त्या मुलांना सांगता येत होते. तरीही एकच मनुष्य एकाच वेळी जिनिव्हाचा आणि स्वित्झर्लंडचा कसा असू शकेल, हे लहान वयाच्या मुलांना उमगत नव्हते. त्यांच्या लेखी दोन्ही ठिकाणे शेजारी शेजारी होती.

आपल्या घरांतही हाच अनुभव येतो. ‘सांगली मोठी की महाराष्ट्र?’ याचे उत्तर सहा-सात वर्षांचे मूल बरोबर देते. पण ‘तू सांगलीचा की भारताचा?’ असे विचारले की गोंधळते. यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. एकात एक बसणारे पाच डबे घ्यावेत. सर्वांत लहान डब्यावर घराचा पत्ता, त्याबाहेरच्या डब्यावर गाव, मग जिल्हा, मग राज्य आणि सर्वांत मोठ्या डब्यावर देश अशी कागदाची पट्टी चिकटवावी. आतल्या डब्यात मुलाच्या नावाची चिठ्ठी ठेवून सगळे डबे एकात एक बसविले की ती चिठ्ठी एकाच वेळी पाचही डब्यांत आहे, हे त्याला डोळ्यांनी दिसते. पत्ता लिहिण्याची रीतही नेमकी हीच असते; लहान डब्यापासून मोठ्या डब्याकडे.

नकाशा भिंतीवरून खाली

वर्गातील नकाशा भिंतीवर टांगलेला असतो. त्यामुळे उत्तर म्हणजे वर आणि दक्षिण म्हणजे खाली, अशी समजूत मुलांच्या मनात घट्ट बसते. मग नदी उत्तरेकडे वाहते असे सांगितले की पाणी वर कसे चढेल, हा प्रश्न त्यांना पडतो आणि तो योग्यच असतो. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत नकाशा जमिनीवर पसरावा, होकायंत्राने उत्तर दिशा पाहावी आणि नकाशाची उत्तर त्या दिशेला येईल असा तो फिरवावा. मग मुलाला नकाशावर उभे करून विचारावे : कोल्हापूर कोणत्या हाताला? सोलापूर कोणत्या हाताला? त्याने दाखविलेली दिशा ही खरोखरचीच दिशा असते.

होकायंत्र नसले तरी अडत नाही. अंगणात किंवा गच्चीवर एक काठी सरळ उभी करावी आणि दुपारी बारापासून दर दहा मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करावी. सर्वांत आखूड सावली वर्षातील बहुतेक दिवस नेमकी उत्तरेकडे पडते. सांगलीत ती साडेबाराच्या आसपास, ऋतूप्रमाणे पंधरा मिनिटे मागेपुढे, आढळते. बाराला का नाही, असे मूल विचारील. भारताची घड्याळे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेली आहेत आणि सांगली त्या रेषेच्या सुमारे आठ अंश पश्चिमेला आहे. सूर्याला एक अंश ओलांडावयास चार मिनिटे लागतात; म्हणून बत्तीस मिनिटे उशीर. गुणाकार येणाऱ्या चौथीच्या मुलाला हा हिशेब सहज करता येतो.

मे महिन्याच्या आरंभी एक दिवस असा येतो की दुपारी काठीची सावली जवळपास नाहीशी होते. त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारची सावली दक्षिणेकडे पडते. हे एकदा आपल्या अंगणात पाहिलेल्या मुलाला कर्कवृत्त म्हणजे काय, हे पुढे सहावीत समजावून सांगताना शिक्षकांना फारसे कष्ट पडत नाहीत.

सूर्यास्ताचे कोष्टक

जैन घरांत भूगोलाचे एक साधन आधीपासूनच आहे, मात्र त्याकडे त्या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते. मंदिरात आणि घराघरांत लावलेल्या सूर्योदय-सूर्यास्ताच्या कोष्टकावर चौविहाराची आणि नवकारशीची वेळ ठरते. जून महिन्याच्या अखेरीस सांगलीत सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, तर नोव्हेंबरअखेर सहाच्या थोडे आधीच. संध्याकाळच्या जेवणाची घाई हिवाळ्यात का वाढते, हा प्रश्न ज्या घरात दरवर्षी उमटतो, तेथे ऋतुचक्राचा धडा निराळा शोधण्याची गरज नाही. मुलाने दर रविवारी सूर्यास्ताची वेळ वहीत लिहावी आणि वर्षअखेरीस त्या बिंदूंना जोडणारी रेषा काढावी. त्या रेषेचा चढ-उतार तो जन्मभर विसरणार नाही.

कोलकात्यात राहणाऱ्या मावशीला किंवा आत्याला त्याच संध्याकाळी फोन लावून तेथील सूर्यास्ताची वेळ विचारावी. मुंबई आणि कोलकाता यांच्या सूर्यास्तांत सुमारे एक तासाचे अंतर असते. दोन्हीकडे घड्याळ एकच आणि सूर्य मात्र वेगवेगळ्या वेळी मावळतो, ही गोष्ट नातेवाइकांच्या तोंडून कळली की पृथ्वी गोल असून फिरते, हे वाक्य पुस्तकातून उठून घरात येते.

तीर्थयात्रेचेही असेच आहे. पालिताण्याचा शत्रुंजय आणि जुनागढचा गिरनार सौराष्ट्रात आहेत, सम्मेदशिखर झारखंडमधील पारसनाथच्या डोंगरावर आहे आणि श्रवणबेळगोळ कर्नाटकात. जमिनीवर पसरलेल्या भारताच्या नकाशावर या चार ठिकाणी चार मणी ठेवले तर देशाची पश्चिम, पूर्व आणि दक्षिण बाजू मुलाच्या मनात पक्क्या होतात. प्रवासात त्याच्या हाती एक छोटी वही द्यावी. कोणती नदी ओलांडली, माती काळी होती की तांबडी, शेतात कोणते पीक होते, हे त्याने लिहावे. मिरजेहून रेल्वेने बेळगावकडे निघाल्यावर शेडबाळच्या पाटीवर कन्नड अक्षरे दिसू लागतात. राज्याची सीमा म्हणजे नकाशावरील रेषा, आणि ती ओलांडली की पाटीवरची लिपी बदलते, हे मुलाने स्वतः टिपलेले असावे.

पोते, बिल्टी आणि पिनकोड

व्यापाऱ्याच्या दुकानात येणारा प्रत्येक कागद भूगोलाचा कागद असतो. पिनकोडचेच पाहावे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही पद्धत डाक खात्यातील अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी तयार केली. सहा अंकांपैकी पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. ३ म्हणजे राजस्थान-गुजरात, ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड, ५ म्हणजे आंध्र, तेलंगण आणि कर्नाटक, ६ म्हणजे तामिळनाडू-केरळ. पुढचे अंक जिल्ह्यापर्यंत आणि शेवटचे तीन नेमक्या डाकघरापर्यंत नेतात. सांगलीचा ४१६४१६ हा क्रमांक म्हणजे अंकांत लिहिलेला डब्यात डबाच होय.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, हे प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. हे अंक साधारणपणे नकाशावरील क्रमाने दिलेले आहेत, इकडे मात्र थोड्यांचेच लक्ष जाते. ०१ जम्मू-काश्मीर, ०२ हिमाचल प्रदेश, ०३ पंजाब, ०६ हरियाणा, ०७ दिल्ली, ०८ राजस्थान, ०९ उत्तर प्रदेश, १० बिहार, तेथून ईशान्येकडील राज्ये करीत १८ आसाम. मग परत वळून १९ पश्चिम बंगाल, २० झारखंड, २१ ओडिशा, २२ छत्तीसगड, २३ मध्य प्रदेश, २४ गुजरात, २७ महाराष्ट्र, २९ कर्नाटक, ३० गोवा, ३२ केरळ आणि ३३ तामिळनाडू. मुलाने नकाशावर या क्रमाने बोट फिरविले, तर ते उत्तरेकडून पूर्वेकडे, तेथून पश्चिमेकडे आणि शेवटी दक्षिणेकडे सरकते. तेलंगणाचा ३६ आणि लडाखचा ३८ हे अंक क्रम सोडून शेवटी का आले, असा प्रश्न त्याने विचारला, तर एक राज्य २०१४ साली आणि एक केंद्रशासित प्रदेश २०१९ साली नव्याने निर्माण झाला, हेही त्याला कळते. नकाशा बदलत असतो, ही समज लहानपणीच आलेली बरी.

आठवड्याभराची जुनी बिले मुलापुढे ठेवावीत आणि प्रत्येक बिलामागे नकाशावर एक दाणा ठेवण्यास सांगावे. जिरे उत्तर गुजरातमधील ऊंझ्याहून आले असेल तर जिऱ्याचा दाणा, मिरची कर्नाटकातील ब्याडगीहून आली असेल तर मिरचीची बी, वेलदोडा केरळच्या इडुक्कीतून आला असेल तर वेलदोडा. गूळ कोल्हापूरचा, बेदाणा तासगावचा, खोबरे तिपटूरचे, केशर काश्मीरमधील पांपोरचे. तासाभरात आईच्या मसाल्याच्या डब्यातून भारत देश जमिनीवर उमटतो.

यानंतरचा प्रश्न अधिक मोलाचा असतो : हा पदार्थ तेथेच का? जिऱ्याला कोरडी, थंड हवा लागते आणि पीक पक्व होताना पाऊस चालत नाही. वेलदोड्याला सावली, ओल आणि डोंगरउतार लागतो. वेलदोडा ऊंझ्याला होत नाही आणि जिरे इडुक्कीत होत नाही, म्हणून दोन्हीकडचे व्यापारी परस्परांना लागतात. व्यापार का जन्मास आला, याचे उत्तर आठ वर्षांच्या मुलाला पटेल एवढे सोपे आहे.

माल वाहून नेण्याच्या कागदावर अंतरही लिहिलेले असते. ई-वे बिलाची मुदत सर्वसाधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. ऊंझा ते सांगली हे अंतर सुमारे एक हजार किलोमीटर धरले, तर मुदत किती दिवसांची? भागाकाराचे हे उदाहरण दुकानातले आहे, आणि नकाशावरील एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील किती किलोमीटर, हे प्रमाणाचे गणितही त्याला जोडूनच शिकविता येते.

हळदीचे पेव

सांगलीची हळद देशभर प्रसिद्ध आहे आणि २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही सांगलीच्या बाजारात विकली जाणारी सगळी हळद सांगलीच्या शेतांत पिकत नाही. मराठवाड्यातून, तसेच तेलंगण व कर्नाटकातूनही ती येथे येते. पिकणे एकीकडे आणि विकणे दुसरीकडे, हा भेद मुलांना समजावयास या बाजारासारखे उदाहरण नाही. मग बाजार येथेच का भरला?

त्या उत्तराचा एक भाग शहरालगतच्या हरिपूर येथे जमिनीखाली आहे. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरील या गावात हळद साठविण्यासाठी जमिनीत खोल पेवे खणलेली होती. तेथील माती अशी की पेवात ठेवलेली हळद दीर्घकाळ टिकत असे. तिला कीड लागत नसे आणि ओलही लागत नसे. भाव येईपर्यंत माल राखून ठेवण्याची सोय निसर्गानेच केली होती. माती, नदी आणि बाजार यांचे नाते दाखविण्यासाठी याहून चांगला पाठ कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. २००५ च्या महापुराचे पाणी या पेवांत शिरले आणि मोठे नुकसान झाले. ज्या नदीकाठच्या मातीने बाजार वाढविला, त्याच नदीने तो बुडविला, हा या पाठाचा उत्तरार्ध होय.

पाण्याची खूण

येथे भूगोल हा परीक्षेचा विषय उरत नाही. सांगलीत कृष्णेवरील आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले. ही पातळी २००५ च्या खुणेहून अधिक होती. जुन्या खुणेच्या भरवशावर माल वरच्या फळीवर ठेवून निर्धास्त झालेल्यांचा अंदाज चुकला. बाजारपेठेतील दुकाने, वखारी आणि घरे कित्येक दिवस पाण्यात राहिली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तीच वेळ आली.

अशा वेळी मुले एक गोष्ट हमखास विचारतात : ‘येथे तर ऊन पडले आहे, मग पाणी का चढते?’ या प्रश्नाचे उत्तर देता येणे म्हणजेच भूगोल येणे. सांगलीवर पडणाऱ्या पावसाने हा पूर येत नाही. पाऊस पडतो तो पश्चिमेला, सह्याद्रीच्या माथ्यावर. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, कऱ्हाडला कोयना तिला मिळते, हरिपूरला वारणा मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा. खालच्या संगमावर पाणी आधीच भरलेले असले, तर वरचे पाणी पुढे सरकत नाही. ते तुंबते आणि काठावर पसरते. अरबी समुद्र उगमापासून पासष्टेक किलोमीटरवर असताना ही नदी पूर्वेकडे वळून सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. जमिनीचा उतार ज्या बाजूला, त्या बाजूला पाणी. त्याला जवळचा समुद्र ठाऊक नसतो.

मोठ्या परातीत ओली वाळू घेऊन एका बाजूला उंच डोंगर, दुसऱ्या बाजूला सपाटी करावी. बोटाने मुख्य नदी आणि तिला मिळणाऱ्या तीन उपनद्या कोराव्यात, सपाटीवर काड्यापेटीची घरे मांडावीत आणि डोंगरावर हळूहळू पाणी ओतावे. थोड्या वेळाने खालची वाट वाळूने अर्धवट बंद करून पुन्हा पाणी ओतावे. कोणते घर प्रथम बुडते, हे मूल स्वतः पाहील. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला शिराळ्यात भात पिकतो आणि पूर्वेला जत-आटपाडीला टँकरची वाट पाहावी लागते, याचेही कारण त्याच परातीतील डोंगरात आहे. पावसाचे ढग डोंगरापाशीच बरेचसे रिते होतात.

यापुढचे काम मुलाने वडिलांबरोबर करावयाचे आहे. पेठेत पुराची खूण जेथे रंगविलेली असेल, तेथपासून आपल्या दुकानाच्या पायरीपर्यंत पातळी मोजावी. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी त्यासाठी पुरेशी आहे. नळीच्या दोन्ही टोकांशी पाणी एकाच उंचीवर राहते. पाणी त्या खुणेपर्यंत आले तर आपल्या दुकानात किती फूट चढेल, तो आकडा मुलाच्या हाताने दुकानातील भिंतीवर लिहावा आणि त्याखाली जागा मोकळी सोडावी, कारण पुढचे पाणी त्याहून वर येऊ शकते. पुलाजवळची पातळी किती झाली की माल हलवावयास सुरुवात करावयाची, हे घरात आधीच ठरलेले असावे. शाळेत या कामाला गुण मिळणार नाहीत, तरी त्याचे मोल घरातील प्रत्येकाला कळेल.

शाळेला हात

एवढ्यावरून पाठांतराला टाकाऊ मानण्याचे कारण नाही. जिल्ह्यांची आणि नद्यांची नावे जिभेवर असावीतच. नाव ठाऊक नसेल तर त्याविषयी बोलणार कसे? मात्र जे ठिकाण पाहिले, ज्याविषयी ऐकले, जेथील वस्तू हाताळली, त्याचे नाव आपोआप राहते. आधी ओळख आणि मग नाव, हा क्रम राखला की पाठांतराचा भार निम्म्याने हलका होतो.

शिक्षकांच्याही अडचणी आहेत. चाळीस मुलांच्या वर्गाला घेऊन नदीकाठी जाणे सोपे नसते. येथे व्यापारी समाजाला पुष्कळ करता येण्याजोगे आहे. वह्यावाटप आणि गणवेश यांसाठी आपला समाज नेहमीच पुढे येतो. त्याच औदार्याने जवळच्या प्राथमिक शाळेला जिल्ह्याचा मोठा नकाशा, पृथ्वीगोल आणि दहा होकायंत्रे द्यावीत. जाड पुठ्ठ्यावर जिल्ह्याचा नकाशा चिकटवून त्याचे तालुके कापून दिले तर मुलांना जोडण्याचा खेळ मिळतो. सांगलीचे दहा तालुके दहा तुकड्यांत हातांत येतात. याहून मोठे दान वेळेचे आहे. वर्षातून एक सकाळ एखाद्या वर्गाला दुकानात, वखारीत किंवा मार्केट यार्डात बोलवावे. सौदे कसे होतात ते दाखवावे, पोत्यावरील छाप वाचावयास द्यावा आणि ट्रकचालकाला तो कोणत्या रस्त्याने आला, हे मुलांना सांगू द्यावे. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाचे गाव कोणते आणि तो येथे का आला, हेही मुलांनी ऐकावे. वस्तूंच्या मागे माणसे असतात, हे ज्या भूगोलात येत नाही, तो अपुराच समजावा.

घरच्या घरी वयानुसार एक साधा क्रम ठेवता येईल. सहा-सात वर्षांपर्यंत डावे-उजवे, पुढे-मागे आणि घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवरील खुणा. आठव्या वर्षी दिशा, आणि घराचा व दुकानाचा वरून दिसेल तसा आराखडा. त्यात पावले मोजून अंतरे लिहावीत. नवव्या वर्षी गाव, नदी आणि जिल्हा, तसेच नकाशाचे प्रमाण. दहाव्या वर्षी राज्य, देश आणि पृथ्वीगोल. कोणत्याही पायरीवर घाई करू नये आणि मागची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची चढू नये.

यासाठी खर्च फारसा नाही. जुनी बिले, एक काठी, एक परात, थोडी वाळू आणि जमिनीवर पसरता येईल असा एक नकाशा एवढे पुरते. लागतो तो घरातील वडीलधाऱ्यांचा आठवड्यातून एक तास. येत्या रविवारी नातवंडाला दुकानात न्यावे, नुकतेच उतरलेले एक पोते दाखवावे आणि त्यावरील गावाचे नाव त्याच्याकडून वाचून घ्यावे. पुढचे प्रश्न तो स्वतःच विचारील.